पंधरा औट साडेबावन्न

अंधेरीच्या सहार विमानतळावरून रात्री निघालो तेव्हा पाकिटात शंभर डॉलरच्या मोजक्या नोटा होत्या. हनोईत उतरल्यावर त्यातली एक काउंटरवर सरकवली आणि पंचवीस लाख डाँग हातात आले. पाच-पाच लाखांच्या पाच नोटा, वर थोडी चिल्लर. घाटकोपरच्या इस्टेट एजंटच्या भाषेत पंचवीस पेट्या! मी पाकीट दोनदा चाचपलं. सोबत अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई होती. तिने शांतपणे विचारलं, "ते ठीक आहे, पण इथे चहा केवढ्याला?"

पहिली परीक्षा उसाच्या रसाच्या गाडीवर झाली. पाटीवर लिहिलं होतं १५.०००. मला वाटलं, पंधरा डाँग! पण ते टिंब दशांशाचं नव्हतं. व्हिएतनाम, इंडोनेशिया, जर्मनी अशा देशांत हजार दाखवायला टिंब देतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम. आपल्या नेमकं उलट. चूक कळल्यावर मी वीस हजारांची समजून एक निळी नोट काढून दिली. रसवालीने ती हसून माझ्याच हातात परत ठेवली आणि पाकिटातल्या दुसऱ्या निळ्या नोटेकडे बोट दाखवलं. मी पाच लाखांची दिली होती. दोन्ही नोटा निळसर, दोन्हींवर हो चि मिन्ह, आणि फरक पंचवीस पटींचा.

मग मी मोबाइलवर रुपयांचा हिशोब करायला लागलो. तेवढ्यात आई म्हणाली, "हजाराला साडेतीन म्हणालास ना? मग पंधरा औट साडेबावन्न. मुलुंड स्टेशनबाहेर स्वस्त मिळतो."

औट म्हणजे साडेतीन. एकेकाळी मराठी शाळेत दोन ते तीसच्या पाढ्यांबरोबर अपूर्णांकांचेही पाढे घोकून घेत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. १ एप्रिल १९५७पर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. पाव, अर्धा, पाऊण यांच्याशिवाय वाण्याकडचा हिशोब पुढे सरकतच नसे. दशमान नाणी आली, तशी ही पाठांतरं मागे पडली. डाँगचा दर रोज हलतो, पण हजार डाँगला साडेतीन रुपये हा अंदाज सध्या बाजारात फिरायला पुरेसा आहे. म्हणजे तीन शून्यं खोडायची आणि औटकी म्हणायची. कालबाह्य म्हणून सोडून दिलेला पाढा हनोईच्या फुटपाथवर फोनच्या आधी उत्तर देत होता.

पण मोठा आकडा दिसला की आपण गडबडतो कशाने? तो वाचताना आपण कुठे थांबतो, यात त्याचं उत्तर आहे. हजारापर्यंत इंग्रजी आणि मराठी बरोबर चालतात. पुढे आपल्याला दर दोन शून्यांवर नवं नाव भेटतं: लाख, कोटी. इंग्रजीला दर तीन शून्यांवर, मिलियन आणि बिलियन. चिनी आणि जपानी दर चार शून्यांवर थांबतात. दहा हजारांना त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे. आपले पंचवीस लाख म्हणूनच इंग्रजीत अडीच मिलियन होतात. शून्यं तेवढीच, थांबे वेगळे.

दहा हजारांचा थांबा आपल्याकडेही होता. त्याचं नाव अयुत. ११५०च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त भास्कराचार्य एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी असे दहा-दहा पटींनी चढत परार्धापर्यंत जातात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला होता. तसं सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्यात आहे. तो उजेडात आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी.

संस्कृतातली ही नावं समुद्रापार गेली आणि तिथे त्यांनी किंमत बदलली. इंडोनेशियाच्या भाषेत जुना शब्द 'लक्सा' म्हणजे दहा हजार, 'केती' म्हणजे एक लाख. आजही रोज बोलला जाणारा 'जुता' म्हणजे दहा लाख, आणि त्याचं मूळ आहे अयुत! आपला लक्ष एका शून्याने घसरला, कोटी दोन शून्यांनी, आणि अयुत मात्र दोन शून्यं वर चढला. बालीच्या दुकानात कुणी 'दोन जुता' म्हणालं, तर वीस लाख रुपिया समजायचे. रुपिया हा शब्दही आपल्या रुपयाचाच भाऊ. दोघंही चांदीच्या 'रूप्य'मधून आले.

महागाईने तर 'लीलावती'तली यादी शेवटपर्यंत वापरून दाखवली. २००९मध्ये झिम्बाब्वेने शंभर ट्रिलियन डॉलरची नोट काढली. एकावर चौदा शून्यं, म्हणजे भास्कराचार्यांच्या यादीतला 'जलधी'. हंगेरीत १९४६ साली एकावर वीस शून्यं, इतक्या किमतीची नोट चलनात आली. हजार परार्ध! भास्कराचार्यांची यादी तिथे पुरत नाही.

तेव्हा परदेशी निघण्याआधी तीन गोष्टी करा. तिथलं टिंब आणि स्वल्पविराम यांचा अर्थ पाहून ठेवा. मोठी आणि छोटी नोट पाकिटाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. आणि तीन शून्यं खोडल्यावर कितीने गुणायचं, तो एकच पाढा पाठ करा. व्हिएतनामला जात असाल, तर घरात कुणाला औटकी येते का, ते आधी विचारा.