गॅलियम आर्सेनाइडावरील सोन्याचे संपर्क

सोने हवेत गंजत नाही, म्हणून त्याची गणना राजधातूंत होते. परंतु हेच सोने गॅलियम आर्सेनाइड या अर्धसंवाहकावर बसवून तापविले असता त्याची अलिप्तता टिकतेच असे नाही. याचे कारण पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

गॅलियम आर्सेनाइड हे दोन मूलद्रव्यांचे संयुग होय. तापविल्यावर त्यातील गॅलियम सोन्यात सहज विरघळते. आर्सेनिकास मात्र तेथे फारसा थारा मिळत नाही. बंदिस्त जागेत आर्सेनिक बाहेर पडू शकले नाही, तर विक्रिया बहुतांशी खुंटते. निर्वातात त्याची वाफ निघून जाते व विक्रिया पुढे चालते. तेव्हा स्थैर्य हा एकट्या धातूचा गुण नसून धातू, स्फटिक व परिस्थिती या तिहींवर ते अवलंबून असते.

तथापि विक्रिया सर्वस्वी टाळूनही चालत नाही. १९६७ साली ब्रास्लाउ, गन व स्टेपल्स यांनी सोने, जर्मेनियम व निकेल यांच्या संपर्काचे वर्णन प्रसिद्ध केले. वजनी शेकडा १२ जर्मेनियम असलेले सोन्याचे मिश्रण सुमारे ३६० अंश सेल्सियसला वितळते; शुद्ध सोन्यास १०६४ अंश लागतात. हा थर ४०० ते ४५० अंशांपर्यंत तापविला म्हणजे गॅलियम सोन्यात शिरते आणि त्याच्या रिकाम्या जागी बसलेले जर्मेनियमाचे अणू जादा इलेक्ट्रॉन पुरवितात. त्यामुळे सीमेवरील विद्युतीय अडसर इतका पातळ होतो की, इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जातात. निकेलामुळे वितळलेला थर गोळे न होता सारखा पसरतो.

आता प्रश्न असा की, संपर्क घडविणारी ही विक्रिया तेथेच थांबेल काय? उपकरण वापरात तापते. अणूंचे विसरण मंद गतीने चालू राहिले, तर संपर्काचा रोध वाढत जातो. आणि ते उपकरण उपग्रहावर असेल, तर दुरुस्तीस कोण जाणार? म्हणून मुद्दाम अधिक तापवून आयुर्मानाचा अंदाज बांधतात. मात्र ज्या तापमानास संपर्काचा काही भाग वितळतो, तेथील कसोटीवरून घन अवस्थेतील आयुष्य ठरविणे चुकीचे होय.

जेथे अडसर राखावयाचाच असतो, तेथे टंग्स्टन सिलिसाइड वापरतात. ते सुमारे ८०० अंशांची उष्णताही सोसते. सारांश, संपर्कासाठी धातू निवडताना तो स्वतः किती अविकारी आहे एवढेच पाहून भागत नाही. शेजारच्या स्फटिकाशी त्याचे कसे जमते, हे आधी पाहावे लागते.