साइट बंद आहे, की फक्त घरातून दिसत नाही?

घरच्या संगणकावर अपाचे बसवून दोन-तीन वेबसाइट चालवणाऱ्यांना एक अडचण हटकून येते. ब्राउझरमध्ये आपल्याच साइटचे नाव टाकावे, तर समोर राउटरचे लॉगिनचे पान येते किंवा काहीच उघडत नाही. मग व्हर्च्युअल होस्टच्या ओळी बदलून सर्व्हर पुन्हापुन्हा सुरू केला जातो. ही मेहनत बहुतेक वेळा वाया जाते, कारण बिघाड सर्व्हरमध्ये नसून मागणी जिथून निघाली त्या जागेत असतो.

एका आयपी पत्त्यावर अनेक साइट राहू शकतात, कारण ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत ‘होस्ट’ या ओळीत साइटचे नाव कळवतो. १९९७च्या एचटीटीपी १.१ मानकाने ही ओळ सक्तीची केली. ते नाव व्हर्च्युअल होस्टच्या यादीत सापडले नाही, तर अपाचे त्या पत्त्याची पहिली साइट दाखवतो. म्हणून आपलीच पण भलती साइट उघडली, तर सर्व्हरनेम आणि सर्व्हरअलायस तपासणे योग्यच. राउटरचे पान आले, तर मात्र मागणी सर्व्हरपर्यंत गेलेलीच नसते.

का जात नाही? डीएनएस साइटचा सार्वजनिक पत्ता सांगते आणि तो पत्ता असतो राउटरचा. बाहेरून आलेली मागणी पोर्ट फॉरवर्डिंगमुळे १९२.१६८ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्यावरच्या सर्व्हरकडे पोहोचते. घरातल्याच लॅपटॉपवरून निघालेल्या मागणीला मात्र राउटरपाशी जाऊन, घाटातल्या वळणासारखे वळून परत आत यावे लागते. याला हेअरपिन म्हणतात. इथे नुसते वळवून भागत नाही, राउटरने पाठवणाऱ्याचा पत्ताही बदलावा लागतो. तसे न केल्यास सर्व्हर लॅपटॉपला खासगी पत्त्यावरून थेट उत्तर देतो, लॅपटॉप सार्वजनिक पत्त्याकडून उत्तराची वाट पाहत असतो आणि आलेले उत्तर अनोळखी म्हणून टाकून देतो. २००८च्या आरएफसी ५३८२ने टीसीपीसाठी हे वळण आवश्यक ठरवले, तरी सगळे घरगुती राउटर ते पाळत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये साइटच्या नावापुढे खासगी पत्ता लिहिला की काम झाले. तपासणी म्हणून हा उपाय उत्तम आहे: साइट उघडली, तर व्हर्च्युअल होस्ट ठीक आहे हे सिद्ध होते. पण ती ओळ तशीच ठेवली, तर लॅपटॉप बाहेर नेताच साइट बंद पडते आणि उद्या पोर्ट फॉरवर्डिंग बिघडले तरी घरात ते कळत नाही. दुसरा सल्ला मोबाइल डेटावरून पाहण्याचा. तो अधिक खरा, कारण ती साक्ष बाहेरची आहे. तिथेही काही उघडले नाही, तर राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर सेवादाताच एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो आहे. २०१२मध्ये हा पट्टा त्यासाठीच राखून ठेवला गेला. अशा वेळी आपल्या राउटरवरचे पोर्ट फॉरवर्डिंग निरुपयोगी ठरते आणि सेवादात्याकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा लागतो.

तेव्हा साइट उघडली नाही, तर आधी साध्या एचटीटीपीने एक मागणी पाठवा आणि सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग वाचा. तिथे तुमच्या मागणीची ओळ नसेल, तर व्हर्च्युअल होस्टच्या फाइलला हात लावू नका.