भीती बिबट्याची, दंश मण्यारीचा

पावसाळा सरला की उरण-पनवेलकडील विद्यार्थ्यांना डोंगर खुणावू लागतात. द्रोणागिरी घराजवळचाच, कर्नाळ्याचा सुळकाही मुंबई-गोवा महामार्गावरून दिसतो. अलीकडे मात्र रात्र उघड्यावर काढण्याची हौस वाढली आहे. हौस स्तुत्यच, परंतु वडीलधारी मंडळी ज्या बिबट्याच्या नावाने धास्तावतात, त्याच्यापेक्षा अंथरुणाशी येणारे लहान जीव अधिक घातक आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही.

मण्यारीचेच पाहा. ती निशाचर, जमिनीवर निजलेल्या माणसाला डसते. दंश बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही शोधाव्या लागतात. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात आणि सोबती ‘जागरण बाधले’ म्हणत बसतात. पुढे श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. आणि यावरचा उपाय? कडा अंथरुणाखाली घट्ट खोचलेली मच्छरदाणी! तंबूची चेन उघडी टाकून निजणाऱ्या हौशी पर्यटकापेक्षा मच्छरदाणीतला शेतकरी अधिक सुरक्षित असतो.

विंचवाची कथा आपल्याच जिल्ह्यातील आहे. तांबड्या विंचवाच्या विषाने हृदयावर आघात होऊन कोकणात कित्येक मुले दगावत. दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही त्याची लक्षणे. महाडजवळच्या बिरवाडीत सेवा करताना डॉ. हिंमतराव बावसकर यांनी या रुग्णांचा अभ्यास केला आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील गोळीने मृत्यूचे प्रमाण अगदी खाली आणले. पण गोळी वेळेवर मिळावी लागते. सकाळी बूट झाडून घालणे त्याहून सोपे.

कर्नाळ्याच्या सुळक्यावर मोहोळे असतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा यांनी मधमाश्या खवळतात. शिवाय कर्नाळा १९६८ पासून अभयारण्य आहे. १९७२ च्या कायद्यानुसार तेथे आग लावण्यास मनाई आहे. ‘शेकोटीशिवाय कसली सहल’ म्हणणाऱ्यांनी ती हौस घरच्या अंगणात भागवावी.

सर्पदंश झालाच, तर जखम चिरू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. अवयव स्थिर ठेवून रुग्णाला न चालवता रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. परळची हाफकिन संस्था ते घोड्यांच्या रक्तापासून तयार करीत आली आहे. ते जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे आणि रात्री वाहन कोठे मिळेल, याची चौकशी सहल नेणाऱ्या शिक्षकांनी निघण्यापूर्वीच करावी.