मालवणच्या पाण्याखाली कधी उतरावे?

भिवंडीकरांच्या ओळखीचे पाणी म्हणजे खाडीचे, गढूळ. प्रवाळ पाहायचे तर मालवण गाठावे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला, त्याच्या आसपासच्या बुडालेल्या खडकांवर ते वाढतात. १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्यात येतो.

पावसाळ्यात नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी समुद्र खवळतो, नद्या गाळ आणतात. म्हणून तेव्हा स्कूबा बंद. हिवाळ्यात गाळ बसतो, पाणी निवळते.

दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि कानांना दडे बसतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की ते सुटतात. सर्दीत मात्र कानाची नळी बंद असते, पडद्याला इजा होऊ शकते. तेव्हा नाक चोंदले असेल तर पाण्यात उतरू नका, आणि खाली असताना श्वास कधीही रोखू नका.