जुन्या गिऱ्हाइकाची वाइन

नेहमीच्या दुकानदाराने भाव वाढविला तर गिऱ्हाईक कुरकुर करते आणि चार दिवसांनी विसरते. वाइनच्या रसिकाचे तसे होत नाही. वीस-वीस वर्षे ज्या एका मळ्याची वाइन घरात आली, तिची किंमत आवाक्याबाहेर गेली म्हणजे त्याला केवळ महागाई जाणवत नाही. ओळखीच्या घराचे दार आपल्यासाठी बंद झाले, असे त्याला वाटते. या भावनेचे मूळ पाहावयाचे तर फ्रान्समधील बोर्दोच्या व्यवहाराकडे वळले पाहिजे.

बोर्दो शहराच्या उत्तरेस, जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावर मेदोक हा रेताड, गोट्यागोट्यांचा प्रदेश पसरला आहे. लाफित, लातूर, मार्गो हे प्रख्यात मळे येथलेच. (हे लातूर आपल्या मराठवाड्यातले नव्हे, नामसाम्य मात्र मौजेचे आहे.) १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनानिमित्त, तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेवरून, बोर्दोच्या दलालांनी येथील वाइनची प्रतवारी केली. या तिघांना आणि शहरालगतच्या ओ-ब्रियों मळ्याला पहिली प्रत मिळाली. ही प्रतवारी मुख्यतः त्या त्या मळ्याला बाजारात काय भाव मिळत आला यावरून केलेली होती. तेव्हा किंमत हीच येथे कुलीनतेची खूण! पुढे १९७३ साली मूतों हा मळा दुसऱ्या प्रतीतून पहिलीत चढला, एवढाच काय तो त्या यादीतला मोठा फेरफार.

कोकणात आंब्याला मोहोर आला की व्यापारी बाग बोलून ठेवतो. फळ पुढे कसे उतरेल ते दैवाधीन. बोर्दोतही जवळपास तसेच चालते. शरदात तोडलेल्या द्राक्षांची वाइन पुढील वसंतात ओकच्या पिपांतच असते. त्याच वेळी जाणकार ती चाखतात, मळेवाले भाव जाहीर करतात, आणि व्यापाऱ्यांमार्फत गिऱ्हाईक पैसे भरून मोकळे होते. बाटली हाती येते दीड-दोन वर्षांनी; खरी पिण्याजोगी व्हावयास आणखी दहा-पंधरा वर्षे जावी लागतात. इतका धीर धरावयाचा तो कशासाठी? आगाऊ भाव कमी असतो, म्हणून. शिवाय एक न लिहिलेला करार असे. पीक बेताचे आले त्या वर्षीही व्यापाऱ्याने माल उचलावयाचा. मग उत्तम वर्षी त्याचा वाटा राखलेला असे.

इंग्लंडमधील मध्यमवर्गीय रसिकांनी यातून एक युक्ती काढली होती. बारा बाटल्यांच्या दोन पेट्या घ्यावयाच्या. काही वर्षांनी भाव चढला की एक विकावयाची आणि तिच्या पैशांत दुसरी जवळजवळ फुकट प्यावयाची. पगारदार माणसाच्या टेबलावर लाफित दिसे ती अशी.

हा हिशेब २००८ नंतर बिघडला. त्या वर्षी फेब्रुवारीत हाँगकाँगने वाइनवरील कर काढून टाकला, आणि चीनमधील नवश्रीमंतांची मागणी त्या वाटेने लोटली. लाफित हे नाव तेथे विशेष मानाचे ठरले. इतके की २००८ च्या पिकाच्या बाटलीवर मळ्याने चिनी लिपीतील आठचे चिन्ह उमटविले, कारण आठ हा तेथे भाग्याचा अंक. त्यातच २००९ आणि २०१० ही दोन्ही पिके असामान्य उतरली. लाफितने २००९ च्या वाइनला आदल्या पिकाच्या तिपटीहून अधिक भाव लावला. मळा मात्र होता तेवढाच, सुमारे ११२ हेक्टर. नावाच्या हद्दी कायद्याने आखलेल्या, हेक्टरी उत्पन्नालाही मर्यादा. मागणी वाढली की तिला किंमतीखेरीज दुसरी वाटच नाही.

मळेवाल्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. आपण शंभराला दिलेली बाटली लिलावात दोनशेला जाते. मधला नफा, ज्याने एक वेलही छाटली नाही त्याच्या खिशात का जावा? प्रश्न गैर नाही. लातूरने तर एप्रिल २०१२ मध्ये जाहीरच केले की, २०११ चे पीक हे आगाऊ विकलेले शेवटचे; यापुढे वाइन आपल्याच तळघरात मुरवून मग विकू. तथापि गिऱ्हाइकांचा राग यामुळे खोटा ठरत नाही, असे मला वाटते. आगाऊ रक्कम, साठवणीचे भाडे, वाइन अपेक्षेप्रमाणे न मुरण्याची जोखीम, हे सारे त्याने पत्करले ते सवलतीच्या मोबदल्यात. सवलत गेली, जोखीम तेवढी राहिली. आणि झालेही तसेच. २०११ च्या मध्यापासून बाजार उतरू लागला; चढ्या भावात पेट्या घेतलेल्या अनेकांना त्या पुढे खरेदीच्या भावानेही विकता आल्या नाहीत.

रसिकांनी यावर मोर्चे काढले नाहीत. ते फक्त घेईनासे झाले. कोणी त्याच मळ्याच्या दुय्यम वाइनवर समाधान मानू पाहिले, तर लाफितची ती दुय्यम वाइन, कारुआद, तीही चिनी मागणीने महागलेली. कोणी लिलावातून जुनी पिके उचलली, कारण कित्येकदा दहा वर्षे मुरलेली बाटली नव्या बाटलीपेक्षा स्वस्त पडे. कित्येक जण रोन नदीच्या खोऱ्याकडे किंवा इटलीतील प्येमोंतकडे वळले; आणि एकदा जीभ वळली म्हणजे तिला माघारी आणणे सोपे नसते. २०२२ च्या पिकाला पुन्हा चढे भाव लावले गेले, तेव्हा याचा प्रत्यय बोर्दोला आला. २०२३ च्या वाइनला लाफितने आदल्या वर्षाहून सुमारे तीस टक्के कमी भाव लावला, २०२४ च्या पिकाला त्याहूनही कमी. पण दोन-दोन पेट्या घेणारे ते जुने गिऱ्हाईक त्यामुळे परतले नाही.