पद्मिनीची टायमिंग चेन

मुंबईच्या रस्त्यावरून प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये कायमची उतरली. हौशी मालकांच्या दारात मात्र ती अजून उभी असते, आणि अधूनमधून तिचं इंजिन खोलावं लागतं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेलं फियाटचं हे 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन. मालकाचा पैसा जातो बोअर, पिस्टन आणि बेअरिंगमध्ये; मिस्त्रीची अक्कल कळते कॅमशाफ्ट बसवताना.

कॅम इथे हेडवर नाही, खाली ब्लॉकमध्ये असतो. क्रँकच्या लहान गरारीवरून चेन निघते ती दुप्पट दातांच्या कॅमच्या गरारीवर, म्हणजे क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. खुणा समोरासमोर आणायच्या, चेन चढवायची, पुस्तकात एवढंच. पण चेन चढवता चढवता क्रँक किंचित सरकतो आणि एक दात इकडचा तिकडे होतो. मोठ्या गरारीला 40 दात धरले तर ते कॅमचे 9 अंश, क्रँकच्या हिशोबाने 18. पंचाईत अशी की इंजिन तरीही सुरू होतं. मग कार्ब्युरेटर साफ होत राहतो, पॉइंट घासले जातात आणि घाटात गाडी दम टाकते.

म्हणून जाणता मिस्त्री नुसत्या खुणांवर विसंबत नाही. टॅपेटची गॅप लावून तो एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर पूर्ण वर आणतो आणि बघतो चार नंबरच्या व्हॉल्व्हकडे. तिथे एक्झॉस्ट मिटत आलेला, इनलेट उघडू लागलेला हवा. क्रँक जरा पुढेमागे केला की दोन्ही रॉकर आळीपाळीने डोलतात. हा डोल भलत्याच जागी आला, तर चेन पुन्हा उतरवायची.

ताणलेली चेन खुणा जुळूनही कॅमला मागे ठेवते. इनलेट उशिरा मिटतो, कमी वेगात दाब निसटतो. इंजिन एवढं खोलून जुनीच चेन चढवणं ही माझ्या मते निव्वळ कंजुषी. हेड घासल्याचा मात्र इथे टायमिंगला धक्का नाही, टॅपेट तेवढे पुन्हा लावायचे. मारुती 800 मध्ये कॅम हेडवर असल्याने तो क्रँकजवळ येतो आणि टायमिंग थोडं मागे पडतं.

स्टार्टर मारण्याआधी पान्याने क्रँकचे पूर्ण दोन फेरे द्यायचे. अडला तर जोर करायचा नाही. डिस्ट्रिब्युटर सगळ्यात शेवटी. खुणा जुळल्या म्हणजे एक नंबरच फायरिंगवर आहे असं नसतं, चारही असू शकतो. ते व्हॉल्व्हवरून ठरवून रोटर त्या वायरीकडे वळवायचा आणि बाकीच्या वायरी 1-3-4-2 या क्रमाने लावायच्या.