सरकत्या संयुक्त मायटर करवतीचे अंशशोधन : वऱ्हाडातील सागकामाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

मेळघाटचे अरण्य हे 1973-74 मध्ये घोषित झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक म्हणून सर्वपरिचित आहे. परंतु त्याच्या पायथ्याशी असलेल्या परतवाड्याची ओळख सागाच्या व्यापारामुळेही आहे. अमरावती व अकोला येथील सुतारकामात साग हे मानाचे आणि महागडे लाकूड मानले जाते. अशा लाकडाची चौकट चुकीच्या कोनात कापली गेली तर नुकसान केवळ मजुरीचे होत नाही. हातकरवतीची जागा अलीकडे विजेवर चालणाऱ्या सरकत्या संयुक्त मायटर करवतीने घेतली असून औद्योगिक प्रशिक्षण संस्था व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांच्या दृष्टीनेही हे यंत्र अभ्यसनीय आहे. यंत्र नवे आहे म्हणून ते अचूक आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो तपासून पाहणे आणि यंत्राचे अंशशोधन कसे करावे हे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यंत्राची रचना आणि चुकीचे गणित :

या करवतीचे पाते तीन प्रकारे हलते. मेजावर आडवे फिरून ते मायटर कोन देते, बाजूला कलून तिरपा काप देते आणि दांड्यांवर मागेपुढे सरकून रुंद फळी कापते. तीन हालचाली म्हणजे चूक शिरण्याच्या तीन वाटा होत. मेजाच्या मागील उभ्या आधारपट्टीला कारागीर 'फेन्स' म्हणतात. मायटर कोन अखेर या फेन्सपासून मोजले जातात.

एक दशांश अंशाची चूक 100 मि.मी. रुंद फळीवर केवळ 0.17 मि.मी. दिसते, म्हणून ती कोणी मनावर घेत नाही. चौकटीत मात्र चार कोपरे व आठ काप असतात. प्रत्येक काप पाव अंशाने एकाच बाजूला चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात दोन अंशांची तूट साठते. पट्टी 75 मि.मी. रुंद असेल तर 45 अंशांच्या कापाची लांबी सुमारे 106 मि.मी. भरते आणि फट जवळजवळ 3.7 मि.मी. पडते. ही फट भुसा व सरस भरून झाकता येते, पण तो सांधा टिकत नाही.

अंशशोधनाची पद्धती :

कोणत्याही कामापूर्वी विजेची जोडणी काढावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. पाते काढून त्याच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या पुसाव्यात, कारण तेथे अडकलेला भुशाचा कणही पात्याला डुलवतो. दात बोथट झालेले पाते लाकडात वाकते व कोन बिघडवते. अशा वेळी यंत्र जुळवत बसणे व्यर्थ होय.

त्यानंतर गुण्याची परीक्षा करावी. गवंडी आणि सुतार काटकोनात असलेल्या वस्तूला 'गुण्यात आहे' असे म्हणतात, परंतु गुण्या स्वतः गुण्यात आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून रेघ मारावी, गुण्या उलटवून त्याच बिंदूतून पुन्हा रेघ मारावी. रेघा जुळल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर त्यांच्यातील कोन हा चुकीच्या दुप्पट असतो.

सरकत्या करवतीबाबत एक महत्त्वाची गोष्ट साध्या करवतीच्या सवयीमुळे दुर्लक्षित राहते. गुण्याची एक बाजू फेन्सला व दुसरी पात्याच्या अंगाला लावून काम भागवले जाते. परंतु रुंद फळीत कापाची दिशा पात्याच्या अंगाने ठरत नाही, ती दांड्यांवरील सरकण्याच्या मार्गाने ठरते. म्हणून पात्याच्या एका दातावर खडूची खूण करावी, तो दात गुण्याच्या कडेला जेमतेम टेकवावा आणि मग डोके पुढून मागे सरकवावे. दात संपूर्ण लांबीभर सारखाच टेकत राहिला पाहिजे. तो दूर जात असेल किंवा गुण्यावर दाबत असेल, तर फेन्सचे बोल्ट सैल करून फेन्स त्या मार्गाशी काटकोनात आणावी. मार्ग बरोबर असूनही कापाच्या एका अंगावर करपल्याचे किंवा कमानदार ओरखडे उठत असतील, तर पाते मार्गाला समांतर नाही असे समजावे. दांड्यांमध्ये खुळखुळ असल्यास ती आधी काढावी. ढिल्या दांड्यांवर केलेले मोजमाप दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

फेन्स जुळल्यावर पाते मेजाशी उभ्या काटकोनात आहे का ते पाहावे. गुण्या दोन दातांच्या मधल्या पोलादी अंगाला टेकवावा, दाताला नव्हे, कारण दातांची टोके पात्याच्या अंगाबाहेर आलेली असतात. शून्य व 45 अंशांचे अडथळे ठरवणारे स्क्रू बहुतेक यंत्रांत असतात. ते फिरवून, चेकनट आवळून मगच पट्टीवरील काटा शून्यावर आणावा. काटा आधी आणि कोन नंतर, हा क्रम उलटा आहे. मायटर पट्टीवरील 31.6 अंशांची खूण अनेकांना कोड्यात टाकते. ती पाश्चात्त्य घरांतील छतालगतच्या नक्षीपट्टीसाठी आहे. वऱ्हाडातील कामात तिचा उपयोग विरळाच.

खरी परीक्षा लाकडावरच होते. समांतर कडांची 150 मि.मी. रुंद फळी शून्य अंशावर कापावी, एक तुकडा पालथा करून दोन्ही तुकडे सरळ पट्टीला लावावेत व कापलेली टोके भिडवावीत. येथेही चूक दुप्पट दिसते. एका टोकाशी 0.3 मि.मी. फट असेल, तर खरी चूक सुमारे 0.06 अंश होय. फळी फेन्सला उभी टेकवून कापली आणि एक तुकडा त्याच प्रकारे उलटवला, तर पात्याचा कल पडताळता येतो. काप घेताना डोके स्वतःकडे ओढून, खाली दाबून, मग मागे ढकलावे. ओढत कापल्यास पाते लाकडावर चढून कारागिराच्या दिशेने उसळू शकते.

लाकडाचा दोष व यंत्राचा दोष :

अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवलाचे नाही, आणि जुलैत तीच हवा दमट होते. लाकूड रुंदीत आकसते व फुगते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे पट्टीची रुंदी 1 टक्क्याने घटली तरी 45 अंशांचा कोन सुमारे 0.29 अंशाने बदलतो, म्हणजे दोन पट्ट्या मिळून एका कोपऱ्यात अर्ध्या अंशाहून अधिक. 75 मि.मी. पट्टीत ही फट सुमारे 1 मि.मी. होते. बारकाईने जुळवलेल्या यंत्राच्या चुकीपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे.

लाकूड आकसले तर फट कोपऱ्याच्या आतील बाजूस पडते, फुगले तर बाहेरील बाजूस. यंत्राचा दोष असेल तर फट जोडणीच्या दिवशीच दिसते. ऋतू बदलल्यावर दिसू लागलेली फट सहसा लाकडाच्या ओलाव्याची असते. हा भेद न ओळखता चांगले जुळलेले यंत्र पुन्हापुन्हा उघडले जाते आणि अपुरा वाळलेला साग निर्दोष ठरतो. कार्यशाळेत यंत्राशेजारी एक नोंदवही ठेवून पडताळणीची तारीख, फळीची रुंदी, दिसलेली फट आणि लाकूड किती दिवस वाळवले होते ते लिहिले, तर पुढील तुकडीच्या विद्यार्थ्यांना दोन्ही दोष वेगळे करता येतात.